सव्वा सहा

सांवेर रोडच्या मागच्या गल्लीत
शेवेच्या कारखान्याला चिकटून आमची प्रयोगशाळा.
दुपारी दोननंतर तळणीचा वास आणि अमोनिया
एकाच खिडकीतून ये-जा करतात.

मी पेंड शिजवते, गंधकाम्लात.
सोयाबीनची, सरकीची, कधी मक्याची चुरी.
आधी काळी होते, मग तपकिरी,
मग हिरवट निळी, आरपार.
त्यात शेत दिसत नाही, घाणा दिसत नाही,
नुसता नत्र.
तो मोजायचा, सव्वा सहानं गुणायचा,
येईल त्याला प्रथिन म्हणायचं.

मराठी शाळेत सवायकी घोकली होती:
सव्वा, अडीच, पावणेचार, पाच.
सव्वा सहाचा पाढा तेव्हा नव्हता.
आता झोपेतही येतो.

एजंट येतात. यीस्ट, बायपास फॅट, खनिज मिश्रण.
चकचकीत पुड्यावर एक परदेशी गाय
दात दाखवून हसते.
(गायीला वरचे पुढचे दात नसतात,
हे मी एकदा सांगून पाहिलं.)

गौतमपुऱ्याहून रामकुंवरबाई आली
ती नातवाच्या शाळेचा डबा घेऊन.
डब्यात पेंड. नमुना एकशे सतरा.
तीन संकरित गायी, चौदा लिटरच्या नऊवर आलेल्या.
पोत्यावर छापलंय चव्वेचाळीस टक्के.
माझ्याकडेही चव्वेचाळीसच आले, वर तीन दशांश.
'बाई, माल बरोबर आहे.'

ती काही बोलली नाही.
माझ्याच बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं,
चिमूटभर पेंड त्यात अंगठ्यानं मळली,
मूठ मिटून उभी राहिली, कुणाची वाट बघावी तशी,
आणि उघडून माझ्या नाकाशी धरली.
'सूंघो तो सई, बेन.'

मला काही आलं नाही.
दिवसभर त्याच वासात असते मी.
बाहेर गल्लीत जाऊन, दोन श्वास घेऊन
परत आले, तिच्या हातावर वाकले.
गोठ्यातला, सकाळचा, न धुतलेला वास.

मग पिवळा रंग देणारं द्रावण काढलं.
तो आला, लगेच, लिंबासारखा.
चव्वेचाळीसातले बारा युरियाचे.
उरले बत्तीस, आणि भट्टीत जाळल्यावर
तळाशी बसलेली वाळू.
सोयाबीन नीट भाजलं नव्हतं म्हणून पाणी लागताच
त्यानंच युरियाची चहाडी केली.
नाहीतर नत्र सांगत नाही मी कुणाचा,
आणि मी विचारलं नव्हतं.

मी समजावत राहिले. रवंथ करणाऱ्या जनावराला
थोडा चालतो तो. पोटातले जंतू
त्याचंही प्रथिन घडवतात,
मळी हाताशी असेल तर, हळूहळू दिला तर.
मोठी गाय निभावून नेते.
वासराचं पोट अजून तसं झालेलं नसतं.

बोलता बोलता मीच थांबले.
'वासरू ही पेंड खातं?'
'खातो थो,' ती म्हणाली,
आणि डबा धुवायला नळ कुठे ते विचारलं.

संध्याकाळी गिरणीवाल्यांचा फोन आला.
'मॅडम, गुणाकार तर बरोबर होता ना?'
होता.
गुणाकार कधीच चुकलेला नव्हता.

अहवालात वासाला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: ओलं केल्यावर उग्र दर्प.
साहेबांनी पेन्सिलीनं खूण केली,
'हे प्रमाणित पद्धतीत बसतं का?'
मी उत्तर दिलं नाही अजून.

फक्त, नमुना आम्लात टाकण्याआधी
आता एक चिमूट बाजूला ठेवते.
गल्लीत जाते. शेवेच्या धुराला पाठ करून
हात ओला करते.
कारखान्याची पोरं बघतात,
एकानं कालच विचारलं,
मावशी, काय चाखताय?